चेन बदलली, चक्र कोण बदलणार?

कुठल्याही मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये जाऊन "नुसती चेन बदलून दे रे" असं म्हणून बघा. मेकॅनिक तुमच्याकडे अशा नजरेने बघेल, की तुम्ही त्याला एकाच पायातला बूट पॉलिश करायला सांगितलाय. "साहेब, चेन-स्पॉकेट किट येतं. पुढचं, मागचं आणि चेन, सगळा सेटच टाकायचा. नायतर महिन्याभरात परत याल." (हो, स्पॉकेटच. 'स्प्रॉकेट'मधला तो 'र' मी अजून महाराष्ट्रातल्या एकाही गॅरेजमध्ये ऐकलेला नाही.) या माणसाने मशिन डिझाइनचं पुस्तक उघडलेलं नसतं. पण झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की ती नवी चेनही जुनी होते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तो ते गिऱ्हाइकाला ठणकावून सांगतोही.

आता तीच मोटरसायकल चालवणारा आमच्या आगाशीचा माणूस वाडीत शिरतो, बॅटरीवरची चेन-सॉ उचलतो, आणि तिच्या एकाच चक्रावर एकामागून एक चार चेनी झिजवतो. पाचवी चेन घेताना दुकानदाराला शिव्या घालतो की हल्ली माल हलका येतो. माल हलका नसतो हो! आतलं ते सहा दातांचं, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं चक्र कधीच संपलेलं असतं. आणि त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे सांगितलं तरी ते चक्र त्याला सहजासहजी मिळत नाही. आजची माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, पण ती कळायला आधी पहिली नीट कळायला हवी. तेव्हा थोडा धीर धरा.

ज्यांना आगाशी माहीत नाही त्यांच्यासाठी : विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बोळींजच्या रस्त्याने निघालात की अर्नाळ्याच्या आधी आमचं गाव लागतं. माड, पोफळी, केळी, पानवेली, आणि आता त्यांच्या मधेमधे उगवलेल्या चार-चार मजली इमारती. वसईची सुकेळी ऐकली असतील, ती राजेळी केळ्याची करतात, आमच्याकडची प्रसिद्ध. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नावाजलेलं बंदर होतं, इथे जहाजं बांधली जायची, लाकडाचा व्यापार चालायचा, आणि म्हणूनच १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते जाळलं. म्हणजे करवत आणि आगाशी यांचं नातं तसं जुनं.

यांत्रिक करवत मात्र घरोघर आली ती वादळानंतर. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या समुद्रातून गुजरातकडे गेलं आणि जाता जाता वसई तालुक्यातल्या केळीच्या बागा झोपवून गेलं. झाडं रस्त्यावर, तारा झाडांवर, वीज कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस नाही. आडवा पडलेला माड कोयत्याने आणि हातकरवतीने तोडायचा म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. करवतवाल्यांना तेव्हा नवरदेवाचा भाव आला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी ठरवलं की आपली स्वतःची असलेली बरी. कोणी पेट्रोलची घेतली, कोणी बॅटरीची. आमच्या काकांनी बॅटरीची घेतली, कारण त्यांच्या मते दोरी ओढून इंजिन चालू करायचं वय गेलं. वाडी त्यांची, करवत त्यांची, आणि देखभाल खातं माझ्याकडे. कारण काय, तर मी इंजिनिअर. सॉफ्टवेअरचा असलो म्हणून काय झालं, असा त्यांचा युक्तिवाद. अंधेरीच्या हापिसात सोमवार ते शुक्रवार जे करतो तेच शनिवारी वाडीत करतो असं त्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चुकीचं नाही.

बॅटरीची करवत म्हणजे खेळणं, असं म्हणणारे आमच्याकडेही आहेत. त्यांना एक माहिती. जर्मनीतल्या आंद्रेआस श्टिलने १९२६ मध्ये जी पहिली चेन-सॉ बाजारात आणली ती विजेवर चालणारी होती, पेट्रोलची नव्हे. दोन माणसांनी दोन टोकांना धरायची धूड होती ती. पेट्रोलवाली नंतर आली. म्हणजे वीज ही या यंत्राची मूळ जात आहे.

आणि चेनच्या पात्यांचा आजचा आकार कुठून आला तेही ऐका. अमेरिकेतल्या ओरेगन भागात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने ओंडक्यात एका भुंग्याची अळी लाकूड खाताना पाहिली. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे आळीपाळीने चालत होते, आणि ती लाकडाच्या रेषेत आणि आडवी सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. त्यावरून त्याने डावं पातं-उजवं पातं अशी चेन बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला कंपनी काढली. माडाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा शिरला की आमचे काका जे काही बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. पण भुंग्याच्या एका भाऊबंदाने मानवजातीवर उपकारही केलेत, हे त्यांना मी एकदा सांगून पाहिलं. पटलं नाही त्यांना.

असो. चक्राकडे येऊ.

करवतीच्या बाजूचं झाकण काढलंत की आत मोटरच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चक्र दिसतं. चेनच्या मधल्या कड्यांना खाली एक दात असतो. तो चक्राच्या दोन दातांच्या खाचेत पडतो आणि चक्र त्याला पुढे ढकलतं. बाजूच्या कड्या दातांच्या माथ्यावर टेकतात. पेट्रोलच्या करवतीत चक्राच्या जोडीला क्लच असतो, तो काढायला उलट्या आट्यांचा नट सोडवा, पिस्टन अडवा, अशी उस्तवार असते. बॅटरीच्या करवतीत क्लचची गरजच नाही. बटण सोडलं की मोटरच थांबते. त्यामुळे चक्र बहुतेक वेळा सरळ दांड्यावर बसवलेलं, बाहेरून एक वॉशर आणि एक सर्कलिप. बस्स.

आता झीज. आमच्या करवतीचा बार १४ इंची, चेनला मधल्या कड्या ५२, चक्राला दात ६, पिच ३/८ इंच. (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिबिटांमधलं अंतर भागिले दोन. हे असं विचित्र का मोजतात ते विचारू नका, पण दुकानात गेल्यावर हाच आकडा लागतो.) चेन एक पूर्ण चक्कर मारते तेव्हा प्रत्येक कडी चक्रावरून एकदाच जाते. पण चक्राचा प्रत्येक दात तेवढ्यात ५२ भागिले ६, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ कड्या ढकलून मोकळा होतो. चेन सेकंदाला १५ मीटरने पळतेय असं धरलं, तर चक्राचा एकेक दात सेकंदाला सुमारे १३० वेळा मार खातो, आणि चेनची कडी फक्त १५ वेळा. थकणार कोण?

(जाता जाता एक गंमत. ५२ आणि ६ यांचा मसावि २ आहे. त्यामुळे चेन चढवताना जे तीन दात सम कड्यांच्या वाट्याला आले ते जन्मभर सम कड्यांनाच भेटतात, उरलेले तीन विषम कड्यांना. चेन काढून पुन्हा बसवेपर्यंत ही वाटणी मोडत नाही. चक्राला सात दात असते तर प्रत्येक दात प्रत्येक कडीला भेटला असता आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली गेली असती. युरोपातले पाणचक्क्या बांधणारे जुने सुतार लाकडी चक्राला मुद्दाम एक दात जास्त ठेवायचे, ते याचसाठी. मसाविचा उपयोग काय, असं सातवीत विचारणाऱ्या सर्व मुलांना समर्पित.)

झीज होते म्हणजे काय होतं? बाजूच्या कड्या दातांच्या माथ्यावर घासून दोन समांतर चऱ्या पाडतात. उत्पादकांच्या पुस्तिकांत साधारण अर्ध्या मिलिमीटरची मर्यादा दिलेली आढळते. चरी तेवढी खोल गेली की चक्र बदला. अर्धा मिलिमीटर! एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, तिच्याहून कमी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं की कंपनीवाले आपलं दुकान चालवतायत. मग कागद-पेन्सिल घेतली. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी. दर दाताला दोन पिच, म्हणजे १९ मिमी. सहा दातांचा घेर झाला ११४ मिमी. चेन अर्धा मिमी आत बसली की व्यास एक मिमीने कमी, म्हणजे घेर ३.१४ मिमीने कमी. तो सहा दातांत वाटा : दर दातामागे अर्धा मिलिमीटर. म्हणजे चेनच्या कड्या १९ मिमीवर आणि चक्र त्यांना हात देतंय साडेअठरा मिमीवर. दोन-तीन दातांनी मिळून उचलायचा भार मग एकटा दात उचलतो, तोही धक्का देऊन. पुढचा दात पुढच्या कडीला धक्का देतो. सेकंदाला शेकडो वेळा हे चाललेलं असतं. हाताला जी थरथर लागते ती हीच.

बरं, जुनी चेन वापरून वापरून लांबते, कारण तिची रिबिटं झिजतात. म्हणजे चेनचा पिच वाढत जातो आणि चक्राचा कमी होत जातो. दोघं उलट दिशांना चालू लागतात, आणि दोष येतो तो चेनच्या ताणाला. "सारखी सैल होते हो!" सैल चेन बारवरून उतरते, उतरताना तिच्या खालच्या दातांना ओरखडे पडतात, मग ती बारच्या खाचेत नीट बसत नाही. आणि उतरणारी चेन ही नुसती खर्चाची बाब नाही. आमच्याकडे लुंगी गुंडाळून, पायांत स्लिपर घालून ही यंत्रं चालवतात. मी पाहिलेल्या दहा जणांतल्या आठांच्या डोळ्यांना चष्माही नसतो. एकेका वाडीवाल्याच्या पायाची किंमत विचारात घेतली तर ते छोटं चक्र फुकट वाटावं तरी स्वस्तच पडेल.

बॅटरीच्या करवतीत आणखी एक फसवणूक होते. पेट्रोलचं इंजिन रडायला लागलं की ऐकू येतं. बॅटरीची करवत मुकाट्याने जास्त करंट खेचते. बोथट चेन, कोरडा बार, झिजलेलं चक्र, सगळ्यांचा खर्च बॅटरीच्या खात्यावर टाकते. पूर्वी एका चार्जमध्ये पडलेला अख्खा माड व्हायचा, आता अर्धाच होतो. माणूस म्हणतो, बॅटरी गेली. आणि बॅटरी म्हणजे त्या यंत्रातला सगळ्यात महाग भाग! (यात सगळ्यात मोठी गुन्हेगार बोथट चेनच असते, हे मान्य. कानस मारायचा कंटाळा हा आपला राष्ट्रीय गुण आहे. पण चेनला धार काढूनही थरथर राहिली, तर झाकण उघडून चक्र बघा.) हापिसातही हेच बघतो. अॅप्लिकेशन हळू चालतंय म्हणून सर्व्हर मोठा घ्यायचा प्रस्ताव येतो, आणि आत कुठेतरी दहा वर्षांपूर्वीचं एक छोटं फंक्शन प्रत्येक विनंतीला तेच काम आठ वेळा करत बसलेलं असतं. त्याचं झाकण उघडायला कोणी तयार नसतं.

माडावर तर ही झीज लवकर होते. माडाचं खोड बाहेरून दगडासारखं आणि आत भुसभुशीत, सगळं धाग्याधाग्याचं. ओला धागा चक्राभोवती दोऱ्यासारखा गुंडाळला जातो. त्यात आमची जमीन वाळूची. पडलेलं खोड लोळवत आणलं की सालीच्या प्रत्येक कंगोऱ्यात वाळू. तेल आणि वाळू मिळून उत्तम पॉलिश पेस्ट तयार होते. लाकूड कापण्याआधी खोडावर नुसता झाडू मारला तरी चक्राचं आयुष्य वाढतं. हा सल्ला मी वाडीत सगळ्यांना दिला. "करवत चालवायची का झाडू?" असं एकाने विचारलं.

चक्र बदलायला मला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा साफसफाईत. आधी बॅटरी काढून दूर ठेवायची. खिशात नाही, शेजारी नाही, दूर. झाकणाचे नट सोडवून झाकण, चेन, बार बाहेर. जुन्या टूथब्रशने भुसा आणि धागे काढायचे. मग सर्कलिप. हिला आमच्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत नुसतं 'लॉक' म्हणतात. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना वरून फडकं किंवा तळवा धरायचा, कारण हे लॉक टणकन उडतं आणि केळीच्या बुंध्यात जाऊन पडलं की ते पुन्हा मिळायची आशा सोडून द्यायची. वॉशर काढा, चक्र बाहेर ओढा. दांडा पुसा. नवं चक्र जुन्याच्याच बाजूने घाला, वॉशर, आणि शक्यतो नवं लॉक. जुनं लॉक एकदा वाकलं की त्याची पकड गेलेली असते. काही मॉडेलांत लॉकऐवजी नट असतो, त्याच्या आट्या उलट्या असू शकतात, तेव्हा जोर लावायच्या आधी पुस्तिका बघावी. काहींत चक्र आणि गिअर एकजीवच असतात, तिथे हा मार्ग बंद. बार उलटा करून लावा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन नवी चढवा. ताण इतकाच, की बारच्या मधोमध चेन वर ओढली तर खालचे दात खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि हातमोजा घालून हाताने ओढली तर ती फिरावी. मग बॅटरी.

यात असं काय आहे जे मोटरसायकलच्या गॅरेजमधल्या पोऱ्याला जमणार नाही? काहीही नाही. म्हणूनच पुढचा भाग मला चिडवतो.

हे चक्र आणायला मी मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. यंत्र दाखवलं, जुनं चक्र काढून हातात दिलं. काउंटरवरच्या मुलाने संगणकात बघून सांगितलं की हा भाग सुटा येत नाही, गिअरचं अख्खं असेंब्ली घ्यावं लागेल. त्याची किंमत विचारली. किंमत ऐकून झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, "सर, त्यापेक्षा नवीन मशिनवर ऑफर आहे." वर हेही म्हणाला की ग्राहकाने हा भाग उघडणं सुरक्षित नाही. मी त्याला पुस्तिकेचं ते पान दाखवलं, ज्यात कंपनीच सांगते की रोज काम संपल्यावर हेच झाकण उघडून साफ करा. म्हणजे झाकण उघडून चक्राला ब्रश मारणं सुरक्षित, आणि त्याच चक्राचं लॉक काढणं धोक्याचं! तो हसला. त्याच्या हातात काही नव्हतं, त्याच्या स्क्रीनवर जे होतं ते त्याने सांगितलं. शेवटी तेवढ्याच दातांचं, त्याच पिचचं आणि त्याच भोकाचं चक्र मला शेतीच्या अवजारांच्या एका छोट्या दुकानात मिळालं, डब्यात खडखडणाऱ्या सुट्या भागांत. मालकाने व्हर्नियर काढून दांड्याचा आकार मोजला, दोन चक्रं लावून पाहिली, तिसरं दिलं. दोघांच्या जेवणाच्या बिलाहून कमी पैशात काम झालं.

तुम्ही म्हणाल, मिळालं ना, मग कुरकुर कशाला? कुरकुर अशासाठी की मला एक शनिवार आणि विरार लोकलचे दोन प्रवास परवडतात. मी चेनचा पिच मोजू शकतो, इंटरनेटवर भागाचा क्रमांक शोधू शकतो. वाडीवाल्याला पावसाळ्याच्या तोंडावर, माड घरावर झुकलेला असताना यातलं काहीही परवडत नाही. तो नवं यंत्र घेतो. जुनं यंत्र, ज्याची मोटर ठणठणीत आहे, बॅटरी ठीक आहे, ते पडवीत नारळाच्या सोडणांखाली जातं. एका दीड इंची पोलादी चक्रापायी.

आपल्याकडे याबद्दल काहीच हालचाल नाही असं नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. त्यात सुरुवातीला चार क्षेत्रं धरली होती : मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं, आणि शेतीची अवजारं. शेतीची अवजारं त्या यादीत आहेत हे वाचून मला बरं वाटलं होतं. पण पोर्टलवर कंपनीने स्वतःहून माहिती ठेवणं वेगळं, आणि काउंटरवर चक्र मिळणं वेगळं. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दुरुस्तीक्षमतेचा गुणांक छापणं सक्तीचं केलं, तेव्हा पहिल्या पाच वस्तूंत मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही आणि वॉशिंग मशिनबरोबर विजेवरचं गवत कापायचं यंत्रही होतं. दहापैकी गुण, आणि ते देताना सुटे भाग मिळतात का, आणि मूळ यंत्राच्या मानाने त्यांची किंमत किती, हेही मोजायचं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी वेगळा दुरुस्ती-हक्काचा कायदा केला, कारण तिथले शेतकरी ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरवरून कंपन्यांशी भांडून दमले होते. आमची मागणी त्या मानाने किती साधी बघा. सॉफ्टवेअर नको, कुलूप उघडून नको. पुस्तिकेच्या एका ओळीत चक्राचे दात, पिच, दांड्याचा आकार आणि भागाचा क्रमांक छापा. आणि तो भाग चेनच्या शेजारी, त्याच खुंटीवर, टांगून विका.

यावर आमच्या हापिसातला एक मित्र म्हणतो की तू भावनिक होतोयस, हल्ली यंत्रं इतकी स्वस्त झालीत की दुरुस्तीची मजुरीच जास्त पडते. हा मुद्दा पोकळ नाही. पन्नास रुपयांच्या टॉर्चसाठी मीही भांडणार नाही. पण जिथे मजुरी वीस मिनिटांची आणि स्वतःची आहे, भाग पोलादाचा एक तुकडा आहे, आणि तो झिजणार हे कंपनीला डिझाइन करतानाच माहीत आहे, तिथे हे गणित लागू होत नाही. चेन झिजणारी म्हणून सुटी विकता, बार झिजणारा म्हणून सुटा विकता, मग या दोघांच्या मधे बसून त्यांच्याहून जास्त मार खाणारं चक्र काय अमरपट्टा घेऊन आलंय? ते सुटं न विकण्याला तांत्रिक कारण नाही, हिशेबाचं आहे. आणि तो हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूचा नाही.

काकांचा या विषयावरचा संदर्भ वेगळा आहे, तो रहाटाचा. वसईच्या वाड्यांना पूर्वी पाणी विहिरीवरच्या रहाटाने मिळायचं. जनावर गोल फिरायचं, आडवं लाकडी चक्र उभ्या चक्राला फिरवायचं, आणि गाडग्यांची माळ पाणी वर आणून पन्हळीत ओतायची. मग तेलाची इंजिनं आली, मग विजेचे पंप. त्या आडव्या-उभ्या चक्रांचे दात म्हणजे भोकात ठोकलेल्या लाकडी खुंट्या. एक दात गेला की तेवढाच काढायचा आणि नवा ठोकायचा. चक्राचं बाकीचं अंग तसंच. मी त्यांना दुकानातला किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे एक दात गेला तर रहाट बदला, असं म्हणाला तो?"

"हो, आणि बैलावर ऑफर आहे म्हणाला." :-)

मी जे ठरवलंय ते सांगतो, पटलं तर बघा. एका चक्रावर दोन चेनी आळीपाळीने वापरायच्या. दोन्ही संपल्या की चक्रही काढायचं, मग चरी अर्धा मिमी झालेली असो वा नसो. नवी चेन आणि जुनं चक्र ही जोडी लावायचीच नाही. वाडीत कोयत्याच्या खुंटीला आता एक प्लॅस्टिकची पिशवी लटकतेय, तिच्यात एक जादा चक्र, एक वॉशर आणि चार लॉकं आहेत. चार अशासाठी, की तीन केळीत उडणार.

आणि कोणी नवीन करवत घ्यायला मला सोबत नेलं, तर मी व्होल्ट, बार, ब्रशलेस मोटर वगैरे काही विचारत नाही. आधी विचारतो, "याचं स्पॉकेट सुटं मिळतं का? आत्ता दाखवा." गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एकासाठी तीन दुकानं फिरलो. दोन ठिकाणी काउंटरवरच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्याने ड्रॉवर उघडून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं चक्र काउंटरवर ठेवलं. त्याच्याकडची करवत पाचशे रुपयांनी महाग होती. तीच घेतली, आणि ते चक्रही.